दूध पुरतंय की नाही हे ओळखायचं कसं? (अंगावर पाजणाऱ्या आयांनो, जरा इकडे या)

अवनी_कर्वेनगर
नमस्कार, बरेच महिने वाचनमात्र आहे, आज लिहितेय कारण डोकं चालेनासं झालंय. मुलगी पाच आठवड्यांची, नॉर्मल डिलिव्हरी. जन्माचं वजन २.८, घरी आलो तेव्हा २.६, परवा दाखवायला नेलं तेव्हा ३.६. दिवसा बरी असते, दोन-अडीच तासांनी पिते, झोपते. पण संध्याकाळी सहा वाजले की जे सुरू होतं ते रात्री दहा-साडेदहापर्यंत, पाजून खाली ठेवली की दहा मिनिटांत परत तोंड शोधते, धरते, सोडते, रडते, परत धरते. साबा (सासूबाई) म्हणतात दिवसभरात दूध संपतं, संध्याकाळी उरतच नाही. आई म्हणते अळीव खा. खालच्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या आणि "बारीकच आहे गं, वरचं सुरू कर" असं सांगून गेल्या, त्यांचा नातू याच वयात साडेचार किलोचा होता म्हणे.

त्यात आता पहिल्यासारखं भरूनही येत नाही. आधी ब्लाऊज भिजायचे, आता एकदम मऊ. काल पाजून झाल्यावर पंप लावून बघितला तर दोन्हीकडचं मिळून जेमतेम ३० मिली. नवऱ्याने पावडरच्या दुधाचा डबा आणून ठेवलाय, अजून फोडला नाही. दूध आटतंय का माझं?

रानमोगरा
अगं हो हो, थांब. डब्याकडे बघू पण नको आज. तू जे जे लिहिलंयस ना, मऊ पडणं, संध्याकाळचं रडं, पंपातले ३० मिली, यातलं एकही दूध कमी असल्याचं लक्षण नाहीये. सुरुवातीला शरीराला अंदाज नसतो किती लागणार म्हणून भरमसाठ तयार होतं, गळतं, दगड होतात. महिना-दीड महिन्यात ते बाळाच्या मागणीला जुळतं आणि भरल्यासारखं वाटणं जातं. नेमकी तेव्हाच निम्म्या बायकांना वाटतं की आटलं.

आणि पाजून झाल्यावर पंप लावलास तर काय बादली भरणार होती का? बाळाने पिऊन उरलेलं ३० मिली निघालं म्हणजे उलट बरंच आहे!

चिंगी_ठाणे
+१. पंप बाळासारखं ओढूच शकत नाही. मला तर पंपाच्या आवाजानेच पान्हा फुटायचा नाही, मशीनकडे बघत बसलं की थेंब थेंब, आणि लेकीचा व्हिडिओ लावला की धार. इन्स्टावर त्या बायका फ्रीझर उघडून दुधाच्या पिशव्यांची चळत दाखवतात ना, त्यांना आधी अनफॉलो कर, मनःशांतीसाठी.

निर्मलाकाकू
मुलींनो आमच्या वेळी कोण मिली मोजत होतं. अवनी, बाळंतिणीने खाल्लं तर दूध येणार ना, तुम्ही आजकालच्या मुली पोट सुटेल म्हणून अर्धपोटी राहता. अळिवाचे लाडू, सकाळी शतावरी कल्प घालून दूध, जेवणानंतर बाळंतशेपा, खसखशीची खीर, बाजरीची भाकरी नि लसणीची चटणी. विडा खा. आणि बाळाला रोज घुटी उगाळून दे मधातून, पोट दुखत असेल म्हणून रडत असेल. माझी तिन्ही मुलं अशीच वाढली, आणि कुणाची नजर लागली असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक, त्यात काही जात नाही आपलं.

बाळडॉक्टर_सातारा
काकू, लाडू-भाकरीला माझी काहीच हरकत नाही, मीठ-मोहऱ्यांनाही नाही. पण मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम होऊ शकतो, क्वचित होतो पण झाला तर बाळ लुळं पडतं, श्वासावर येतं. घुटीही नको, सहाणेचं आणि पाण्याचं इन्फेक्शन हा वेगळाच विषय. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी लागत नाही. व्हिटॅमिन डीचे थेंब मात्र द्यायचे, रोज ४०० युनिट.

आता अवनीचं गणित बघू, कारण तुम्ही घरचे ते चुकीच्या जागेवरून मोजताय. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन उतरतं, सात टक्क्यांपर्यंत अगदी नेहमीचं, दहाच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. तुमचं २.८चं २.६ झालं, म्हणजे साधारण सात टक्के. वाढ मोजायची ती या सगळ्यात खालच्या आकड्यापासून. तिथून ३.६ म्हणजे एक किलो, साधारण महिनाभरात. रोजचे ३० ग्रॅमच्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम मिळाले की आम्ही खूश असतो. हे दूध कुठून आलं मग? शेजारच्या काकूंच्या नातवाचं जन्माचं वजन किती होतं ते विचारा एकदा.

एक मात्र बघा, सगळी वजनं एकाच काट्यावर, अंगावर कपडे-डायपर न ठेवता केली होती का? वेगवेगळ्या दवाखान्यांच्या काट्यांत शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक सहज निघतो आणि तेवढ्यावर लोक डबा सुरू करतात.

अवनी_कर्वेनगर
डॉक्टर खूप आभार. पहिली दोन हॉस्पिटलच्या काट्यावर, परवाचं बाळाच्या डॉक्टरांकडे, पण कपडे काढूनच केलं होतं. हे खालच्या आकड्यापासून मोजायचं कुणी सांगितलंच नाही, आम्ही सगळे "पाच आठवड्यांत आठशेच ग्रॅम" करत बसलोय. पण मग संध्याकाळी काय होतं तिला?

रानमोगरा
क्लस्टर फीडिंग. जवळजवळ सगळी बाळं करतात. संध्याकाळी थोडं थोडं, सारखं सारखं पितात, मग रात्री एक मोठी झोप काढतात. शिवाय सहा आठवड्यांच्या आसपास बाळांचं रडणं तसंही सगळ्यात जास्त असतं, डबा पिणारी पण रडतात गं. माझा धाकटा साडेसातला भोंगा सुरू करायचा, घड्याळ लावून घ्यावं.

बाळडॉक्टर_सातारा
>>> दिवसभरात दूध संपतं, संध्याकाळी उरतच नाही

हे बहुतेक घरांत ऐकतो. स्तन म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे, सकाळी भरली नि संध्याकाळी संपली असं होत नाही. बाळ पीत असतानाही दूध तयार होत असतं. जितकं रिकामं होईल तितकं भराभर बनतं आणि भरलेलं तसंच राहू दिलं तर शरीर बनवणं मंद करतं. म्हणून "दोन वेळा पाजू नको, साठू दे म्हणजे रात्री पोटभर मिळेल" हा सल्ला नेमका उलटा पडतो. संध्याकाळी एका वेळचं प्रमाण थोडं कमी असेल, पण त्यात स्निग्धांश जास्त असतो.

रात्रीचं पाजणंही सोडू नका. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, रात्री जास्त असतं. बरेचदा प्रेमापोटी आजी बाळाला आपल्याजवळ घेऊन झोपते, बाटली देते, सुनेला झोपू देते. आणि आठवड्याभरात सुनेचं दूध खरंच कमी होतं.

चिंगी_ठाणे
डॉक्टर पटलं, पण झोप न मिळालेल्या बाईला एक रात्र कोणी झोपू दिलं तर तिच्यावर "तुझं दूध जाईल" अशी भीती नका घालू प्लीज. मला तिसऱ्या आठवड्यात भिंती हलताना दिसत होत्या. आजीने बाळ आणून छातीशी लावायचं, प्यायलं की उचलून न्यायचं, ढेकर-लंगोट-झोपवणं तिचं, असं केलं आम्ही. आई आडवीच. कूस बदलायची फक्त.

अबोली७
हा धागा मी तीनदा उघडून बंद केला, आता लिहितेच.

"प्रत्येक आईला पुरेसं दूध येतंच", "मनात आणलं की येतं", हे वाचलं की अजून पोटात खड्डा पडतो. मला आलं नाही. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता, रक्त चढवावं लागलं. चौथ्या-पाचव्या दिवशीसुद्धा भरून आल्यासारखं काही वाटलंच नाही, आणि सगळे सांगत होते पाजत राहा, पाजत राहा. माझा मुलगा रडायचा नाही. तेच तर. शांत, सारखा झोपलेला, "किती शहाणं बाळ आहे" म्हणून सगळे कौतुक करत होते. छातीला लावला की दोन मिनिटांत डोळे मिटायचा. लघवी गडद, लंगोटावर विटकरी डाग. तिसरा आठवडा लागला तरी जन्माच्या वजनावर परत आला नव्हता, तेव्हा एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी त्याचा लंगोट बघितला आणि माझी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायला सांगितली. थायरॉईड पार बिघडलेलं निघालं.

गोळी सुरू केली, प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर पंप, आणि वरचं वाटी-चमच्याने. लॅक्टेशनवालीने एक बारीक नळी छातीला चिकटवून द्यायला शिकवली, म्हणजे डब्याचं दूध बाळ छातीशी ओढतानाच घेतं आणि मलाही उत्तेजन मिळतं. शेवटी साधारण निम्मं माझं नि निम्मं डब्याचं असं वर्षभर चाललं. तो आता शाळेत जातो नि माझं डोकं खातो.

म्हणून अवनी, तुझं ठीक दिसतंय आणि मला मनापासून आनंद आहे. पण इथे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं ठीक नसेल, तिला "सगळं मनाचे खेळ" म्हणून घरी पाठवू नका.

रानमोगरा
अबोली, बरं झालं लिहिलंस. मी वर "डब्याकडे बघू नको" लिहिलं ते अवनीचं वजन बघून हो, सरसकट नाही.

बाळडॉक्टर_सातारा
अबोलीताईंनी लिहिलेलं "शहाणं बाळ" सगळ्यांनी परत वाचा. उपाशी बाळ रडरड करतं हे पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं, नंतर त्याच्यात रडायची ताकद राहत नाही. माझ्या ओपीडीत संध्याकाळी थयथयाट करणाऱ्या बाळांच्या आया घाबरलेल्या असतात आणि झोपाळू बाळांच्या आया निवांत असतात, काळजी मला दुसऱ्यांची वाटते.

खरंच दूध कमी असण्याची कारणं असतात: थायरॉईड, खूप रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, काही जणींत पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांशी जोडलेला विकार), स्तनावर आधी झालेली शस्त्रक्रिया, स्तनातल्या ग्रंथीच मुळात कमी असणं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लवकर सुरू करणं. सिझेरियन आणि मधुमेहात दूध यायला एखाद-दोन दिवस उशीर होतो, पण येतं. मात्र सगळ्यात जास्त दिसतं ते म्हणजे दूध आहे पण बाळाला ओढता येत नाही. फक्त बोंड तोंडात धरतं, भोवतीचा काळा भाग बाहेरच, मग आईला चिरा आणि बाळाला थेंब. कधी जीभ खाली बांधलेली असते. त्यामुळे लाडू-औषधांच्या आधी पाजताना कुणीतरी जाणत्याने बघायला हवं. गालात खळी पडते का, गिळल्याचा आवाज येतो का, पिताना आवळलेल्या मुठी हळूहळू सैल होतात का.

दूध वाढायच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या आपण आणू नका, त्यातल्या एका प्रकाराचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

वैनगंगाकाठ
मी आरोग्य खात्यात, नर्स आहे. लघवी मोजायची सोपी युक्ती सांगते. विकतच्या डायपरमध्ये काही कळत नाही, दोनदा केली काय नि पाचदा काय, सगळं शोषून घेते. एक पूर्ण दिवस-रात्र साधे सुती लंगोट बांधा, जुन्या धोतराचे असले तर उत्तमच, आणि ओले झालेले एका बादलीत टाकत जा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले, लघवी फिकी, तर पोटात जातंय. पहिल्या महिन्यात पिवळी पातळसर शी तीन-चारदा. पुढे काही बाळं चार-चार दिवस शी करत नाहीत, तेव्हा घाबरायचं नाही.

आमच्याकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाते, झोळीच्या काट्यावर वजन करते. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत गडचिरोलीतच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'मध्ये उभी राहिली, मग देशभर गेली. तुमच्या शहरातल्या सोसायट्यांमध्ये बाळंतिणीला विचारायला येते कोण, तर शेजारच्या काकू.

श्टुटगार्टची_सून
वैनगंगा, तुमची पोस्ट वाचून मजा वाटली कारण इथे जर्मनीत अगदी हेच! हेबामे म्हणजे सुईण घरी येते, पहिल्या दहा दिवसांत लागलं तर रोज, नंतर बारा आठवड्यांपर्यंत, पैसे विम्यातून. तिच्याकडेही झोळीचाच काटा होता. साबा तिकडून व्हिडिओ कॉलवर "वरचं दे" आणि ही समोर बसून "पंचवीस ग्रॅम, सुपर!" मला भाषा फारशी येत नव्हती तरी त्या बाईने मला वाचवलं. तिने बडीशेप-ओव्यासारख्या कसल्याशा चहाची पिशवी दिली, तो मात्र मी एकदाच प्यायले.

निर्मलाकाकू
बरं बाई, मध नाही देत म्हणायचं, नवीन ऐकलं, सुनेला पण सांगते. पण अळिवाला नावं ठेवू नका.

बाळडॉक्टर_सातारा
काकू, ठेवत नाही हो :) अळिवाने दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही, पण त्यात लोह आहे आणि बाळंतिणीला कुणीतरी हातात आयता लाडू देतंय हे फार मोठं आहे. माझा आक्षेप असतो तो मऊभात-तूप-मेतकुटावर महिना काढायला लावतात नि पाणी पिऊ देत नाहीत त्याला. तहान लागेल तितकं पाणी, दोन वेळा भाजी-भाकरी-डाळ, उसळ, अंडं-मासे खात असाल तर तेही. मेथीचं जरा बेताने, मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर उतरू शकते.

नवाबाबा_नाशिक
पुरुषाने लिहिलेलं चालतंय का? आमच्याकडे संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल बाजूला ठेवून मी बाळ छातीवर उघडं टाकून फिरायचो, बायको तेवढ्यात जेवायची. आणि बघायला येणाऱ्यांना दारातच सांगायचं की दूध, वजन, रंग या तीन विषयांवर बोलायचं नाही. आत्या रुसली, पण चालतं.

चिंगी_ठाणे
नाशिककर, एक विद्यार्थी वर्ग काढा आमच्याकडच्यांसाठी.

अवनी_कर्वेनगर
अपडेट. काल सुती लंगोट बांधले दिवसभर, बादलीत नऊ निघाले! साबांनीच मोजले. त्यांना मुद्दाम बादलीवर बसवलं :) डबा आहे तसा आहे, दुकानदार परत घेणार का बघतोय. संध्याकाळचं रडणं तसंच आहे पण आता मी सहा वाजता पाण्याची बाटली, लाडू घेऊन बसूनच घेते, उठायचं नावच नाही. थायरॉईडची टेस्ट पण करून घेतेय, अबोली, तुझ्यामुळे. सुट्टी सव्वीस आठवडे आहे, त्यानंतरचं काय ते तेव्हा विचारीन.

चिंगी_ठाणे
तेव्हाचं आत्ताच सांगते, नंतर धागा सापडत नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास, आपल्या एप्रिल-मेमध्ये तेवढंही धरू नको, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस, दारात नाही. गरम करायचं ते कोमट पाण्यात वाटी ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नाही. कामावर रुजू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून सकाळी एकदा काढायला लाग, सकाळी जास्त निघतं.

पहिलटकरीण_डोंबिवली
नवीन आयडी आहे, घाईत लिहितेय. बाळ बारा दिवसांचं, सिझेरियन. तुमचं सगळं वाचून आत्ता लंगोट मोजले, कालपासून तीनच. खूप झोपतो, उठवून पाजावं लागतं, दोन-तीन मिनिटं ओढून परत झोप. डोळे जरा पिवळे वाटतात. हॉस्पिटलमधून निघाल्यापासून वजन केलेलं नाही. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, तोपर्यंत काय करू? अळीव सुरू करू का?

अबोली७
अळीव नको, सोमवार नको. आत्ता निघ.

बाळडॉक्टर_सातारा
धागा बंद करा आणि आजच बाळाला दाखवा, आत्ताच. अपॉइंटमेंट नसली तरी बालरोगतज्ज्ञ असलेल्या जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. वजन, कावीळ आणि साखर तपासायला सांगा. निघेपर्यंत छातीला लावा, हाताने दाबून काढता येत असेल तर वाटी-चमच्याने द्या. घरात डबा असेल तर तोही चालेल, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, उकळून गार केलेल्या पाण्यात, पातळ करायचं नाही. या बाळाला आज पोटात जायला हवं, कुठलं दूध ते नंतर बघू.

पहिलटकरीण_डोंबिवली
दाखवलं. जन्मापेक्षा बारा टक्के कमी आहे वजन, कावीळ पण आहे, लाइटखाली ठेवलंय. दर दोन तासांनी वाटी-चमच्याने देतायत आणि मला पंप करायला लावतायत. इथल्या सिस्टरने लावून दाखवलं तेव्हा कळलं की तो नुसतं टोक धरत होता. आज पहिल्यांदा गिळल्याचा आवाज आला. साबांनी घरून बोंडलं (दूध पाजायची चोचीची वाटी) पाठवलंय, ते चालेल का? आणि डोंबिवली-कल्याणकडे मोठा पंप भाड्याने कुठे मिळतो का?

वैनगंगाकाठ
बोंडलं चालते, आमच्याकडे अजून वापरतात. दर वेळी उकळून घ्यायचं, चोच बाळाच्या ओठाच्या कडेला, घशात ओतायचं नाही, त्याला जिभेने घेऊ द्यायचं.

चिंगी_ठाणे
पंप मिळतो भाड्याने, हॉस्पिटल ग्रेड म्हणून विचार. ठाण्यातला एक जण घरपोच आणून देतो, नंबर तुझ्या विपूत (विचारपुशीत) टाकते. नळ्या नि कप मात्र स्वतःचे नवे घे, भाड्याचे नको.